न हुंगता घेतलेलं डिझेल

नेकनूरच्या फाट्यावर दोन गोष्टींचं नाव होतं. एक तिथली भजी आणि दुसरं कचरूचं नाक.

कचरूची क्रूझर गाडी. लग्नाचं वऱ्हाड असो, सहल असो, दवाखान्याची फेरी असो, गाडी कचरूचीच. पण पंपावर गेला की हा गडी थेट टाकीचं झाकण उघडायचा नाही. आधी दोन थेंब बोटावर घेणार, बोटं चोळणार, डोळे मिटून हुंगणार, मग पारदर्शक बाटलीत घोटभर घेऊन उन्हात धरणार आणि तळाला पाणी बसतंय का ते बघणार. मागं गाड्यांची रांग, हॉर्नचा नुसता कालवा. पंपावरची पोरं वैतागून म्हणायची, "काका, अत्तर हाय का ते?"

"अत्तरच हाय बे. तुझ्या मालकानं गुलाबपाणी मिसळलंय का तेवढं बघतो."

लोक हसायचे. हे नाक कुठल्या शाळेत शिकलं ते मात्र कुणी विचारायचं नाही. चोराची पावलं चोराला ठाऊक असतात, एवढी साधी गोष्ट. पण गाडी वेळेवर आणि भाडं वाजवी असलं की माणसं फार खोलात शिरत नाहीत.

पंधरा-सोळा वर्षांमागं याच फाट्यावर, लिंबाच्या सावलीत कचरूचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक बाज, तिच्यावर पेट्रोलनं भरलेल्या बाटल्या आणि बाजेखाली डिझेलचे कॅन. पंप तेव्हा लांब होता. अडल्या-नडल्या माणसाला कचरूची बाज म्हणजे देवच. या देवाच्या घरामागं मात्र रेशनच्या निळ्या रॉकेलचा एक पिंप असायचा. कचरू मनाशी म्हणायचा, वरणात मीठ टाकावं तेवढंच मिसळतो, त्यानं काय कुणाचं इंजिन बसत नाही. पहिल्या वर्षी खरोखर मिठाएवढंच असायचं. पुढं हात सैल होत गेला. हात सैल झालेला हाताला कधीच कळत नाही.

माल आणायला कचरू गेला की बाजेवर त्याची माय बसायची, मुक्ताबाई. अख्खं नेकनूर तिला मुक्तामाय म्हणायचं. रुपयाएवढं गोंदण कपाळावर, अंगावर स्वच्छ लुगडं, शेजारी पाण्याचा माठ. गिऱ्हाईक कुणीही असो, आधी पाण्याचा तांब्या पुढं करायची, मग बाटली. लहानपणी याच गावात तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतलेलं तिनं पाहिलं होतं. छपन्न साली तिचा बाप नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला तेव्हा ती आठ वर्षांची होती. तेव्हापासून तान्हेल्याला आपल्या हातानं पाणी द्यायचं, हा तिचा नेम. ती बसली की माल जास्त खपायचा. कचरूला ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून हळूहळू तो कमी बसायला लागला आणि ती जास्त. रॉकेलच्या पिंपाचं तिला काही माहीत नव्हतं. तो पिंप चुलीसाठी आहे असं तिला वाटायचं.

एकदा भर दुपारी लिंबागणेशचा अंगद नावाचा एक शेतकरी फाट्यावर आला. डोकं भादरलेलं, डोळे लाल. आल्या आल्या त्यानं बाजेवरची एक बाटली उचलली आणि रस्त्यावर फोडली. धा दिवसांखाली बापाला घेऊन तो अंबाजोगाईच्या दवाखान्यात निघाला होता, छातीत कळ आली होती म्हणून. जीपमध्ये डिझेल याच बाजेवरून भरलेलं. केजच्या अलीकडं जीप बंद पडली ती पडलीच. दुसरी गाडी मिळेपर्यंत बाप मांडीवर गेला.

"काय घालता गं माय त्याच्यात?" असं म्हणून तो ढसाढसा रडायला लागला.

मुक्तामाय उठली. आधी तिनं त्याला पाणी पाजलं. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बाबासाहेबांची शपथ घेऊन सांगते लेकरा, आमच्या बाटलीत खोट न्हाई. तुझी जीपच म्हातारी झाली आसंल."

कचरू चार पावलांवर उभा होता. मान खाली घालून तो रस्त्यावरच्या काचा गोळा करायला लागला. शपथ ऐकली आणि अंगद गप्प झाला. मुक्तामाय खोटी शपथ घेणार नाही, हे पंचक्रोशीला माहीत होतं. डोळे पुसून तो आल्या पावली परत गेला.

त्या रात्री कचरूनं पिंप मोकळा केला, अशी गोष्ट सांगायला मला आवडली असती. पण तसं झालं नाही. पिंप पुढं दोन वर्षं भरलेला होता. हमरस्त्यावर मोठा पंप आला, धंदा बसला, तेव्हाच तो रिकामा झाला. साठलेल्या पैशातून जुनी क्रूझर आली आणि कचरू ड्रायव्हर झाला. त्यानंतर त्याचं नाक आणि त्याची बाटली सुरू झाली. लोकांना वाटायचं गडी चोखंदळ आहे. खरं तर तो भ्यायलेला होता.

मुक्तामायचं एकच मागणं राहिलं होतं. तिचा बाप मरताना म्हणाला होता, "नागपूर पाहिलं, पर लुंबिनी राहिली." बुद्ध जिथं जन्मला त्या मातीला डोकं टेकवायचं, तेही वैशाखी पौर्णिमेला, म्हणजे बापाचंही फिटलं आणि आपलंही. त्यासाठी तिनं एक पांढरं पातळ ट्रंकेत घालून ठेवलं होतं. वर्षातून एकदा काढायची, उन्हाला द्यायची, घडी मोडू न देता परत ठेवायची. वय शहात्तर झालं. सुनेला, वनिताला, म्हणायची, "मी मेल्यावर नेसवू नगंस बरं का. ते मेल्यावरचं न्हाई."

गेल्या वर्षी गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या यशोधरा मॅडमनी विहारातल्या अकरा जणांना गोळा केलं. सारनाथ, बोधगया, कुशीनगर आणि शेवटी पौर्णिमेला लुंबिनी. गाडी अर्थातच कचरूची. सीमेपर्यंतच्या सगळ्या वाटेवर कचरूनं एकदाही न हुंगता टाकी भरली नाही. उत्तर प्रदेशातल्या एका पंपावर तर त्याला मार बसता बसता राहिला. मुक्तामाय मागच्या सीटवर बसून हसत होती. एवढं हसताना तिला वनितानं कधी पाहिलं नव्हतं.

सीमेवर मात्र सगळा घोळ झाला. पौर्णिमेची गर्दी, गाड्यांची रांग. नेपाळात गाडी न्यायला एका दिवसाचा परवाना काढावा लागतो, त्यालाच दुपारचे बारा वाजले. अलीकडच्या पंपावर मरणाची रांग होती. कचरूनं डिझेलच्या काट्याकडं पाहिलं आणि पलीकडं भरू म्हणाला. लुंबिनी तीसेक किलोमीटर, तेवढं निघंल. पण पलीकडं पोलिसांनी गाड्या आडवाटेला वळवल्या. तासभर गाडी मुंगीसारखी सरकत राहिली आणि काटा तळाला टेकला. पंप दिसला, त्यावर पाटी होती: डिजेल छैन, म्हणजे डिझेल नाही. पुढच्या पंपावरही तेच.

मुक्तामाय प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अक्षरं शिकली होती. तिनं पाटी वाचली आणि म्हणाली, "हा कसला परदेश रे? हितली पाटी तर मला वाचता येती."

पुढं एका झाडाखाली एक बाई दिसली. मुक्तामायच्याच वयाची. पुढ्यात लाकडी फळी, फळीवर थंड पेयाच्या बाटल्यांत पिवळं-लाल तेल, मागं कॅन आणि एक निळा पिंप. झाडाच्या बुंध्याला तारेनं बुद्धाची तसबीर बांधलेली, तिला प्लास्टिकची फुलं. कचरूनं गाडी थांबवली. सगळे पाय मोकळे करायला उतरले. मुक्तामायला घाम आला होता. ती बाई उठली, झाडामागच्या घागरीतून लोटा भरला आणि सरळ मुक्तामायच्या हातात दिला.

मुक्तामाय क्षणभर नुसती लोट्याकडं बघत राहिली. बाईच्या कपाळावर मोठं कुंकू, भांगात शेंदूर. म्हणजे ही काही आपल्यातली नव्हे. तरी लोटा हातात दिला. वरून ओतलं नाही, कोण, कुठली, विचारलंही नाही. मुक्तामायनं तोंड लावून पाणी प्यायलं. बाईनं दोन्ही हात जोडले आणि विचारलं, "लुंबिनी?" मुक्तामायनं मान हलवली. दोघी म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून उभ्या राहिल्या. भाषेचं काही अडलं नाही.

"कचरू," माय म्हणाली, "हिच्याकडूनच घे बाबा."

कचरूनं सवयीनं कॅनमध्ये बोट बुडवलं आणि नाकाकडं नेलं. मायनं त्याचं मनगट धरलं.

"बुद्धाच्या गावात हुंगतोस? तिनं तिच्या घागरीचं पानी पाजलं मला. बघ तर कशी बघायली बिचारी. काय म्हणंल ती, चोर समजतेत म्हणंल."

"माय, नुसतं बघतो की. आपला दस्तूर हाय."

"न्हाई म्हन्ले ना. मी बी आशीच बसायची. कुनी माझ्या म्होरं हुंगलं आसतं तर मला कसं वाटलं आसतं?"

कचरूनं बोट पँटला पुसलं. बाई तिच्या बोलीत म्हणाली, "शुद्ध बा, बाबू, एकदम शुद्ध." दहा लिटर टाकीत गेलं. गाडी घेतल्यापासून पहिल्यांदा कचरूनं न हुंगता डिझेल घेतलं.

पाच-सहा किलोमीटरवर गाडीनं पहिला गचका दिला. दुसऱ्या गचक्याला कचरूनं कान दिला. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. गाडी कडेला घेऊन त्यानं फिल्टर खोलला. तळाला पाणी आणि वर तोच वास. इतक्या वर्षांनी, इतक्या दूर, घरामागच्या पिंपाचा वास.

यशोधरा मॅडमनी दोन ई-रिक्षा थांबवल्या. दाटीवाटीनं बाकीचे बसले, वनिताही. मुक्तामायसाठी जागा केली होती. पण इथंच कचरूचं घोडं पेंड खायला लागलं. तो म्हणाला, "मॅडम, व्हा तुमी म्होरं. अर्ध्या तासात चालू करतो. माझी माय माझ्याच गाडीत जाईल." मायलाही तेच हवं होतं. लेकाच्या गाडीतून उतरून लुंबिनीच्या मातीवर पाय ठेवायचा, हे तिनं मनात किती वेळा पाहिलं असेल कोण जाणे.

अर्ध्या तासाचे दोन तास झाले. पाणी काढलं, हवा काढली, गाडी चालू व्हायची आणि दहा पावलांवर मरायची. वैशाखाचं ऊन, पत्रा तापलेला. रस्त्यावरच्या रिक्षा गच्च भरून जात होत्या, हात केला तरी कुणी थांबेना. साडेचार वाजले. संध्याकाळी लुंबिनीचं मंदिर बंद करतात, हे मॅडमनी सांगितलेलं मुक्तामायनं ऐकलं होतं. मघाशी गाडीतच तिनं पांढरं पातळ नेसलं होतं.

"मीच घ्यायला लावलं," ती दोनदा म्हणाली. कचरू गाडीखाली पालथा पडला होता. त्याला ऐकू गेलं, तरी तो पाना फिरवत राहिला. त्याला राग आला होता, आणि कुणाचा ते त्याला नीट कळत नव्हतं.

थोड्या वेळानं त्यानं गाडीखालून बघितलं तर मायचे पाय दिसेनात. उठला तर सीट रिकामी. लांब रस्त्यावर कुठंच पांढरं दिसेना. तो पळत सुटला. ऊसतोडीला कोसच्या कोस चाललेली बाई, तिला आठ-दहा किलोमीटरचं काय वाटणार होतं? दीडेक मैलावर ती सापडली. किलोमीटरच्या दगडाला टेकून बसली होती, रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटावं की बाई विसावली आहे. तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, लाळ पातळावर. दगडावर लिहिलं होतं: लुंबिनी ८.

पुढचं सगळं दवाखान्यात गेलं. उन्हाचा तडाखा आणि त्यातून डाव्या अंगावरून वारं गेलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. वेळेवर आणली असती तर बरं झालं असतं, हेही सांगितलं. हे वाक्य अंबाजोगाईच्या दवाखान्यातही असंच बोलतात. कचरूला त्या क्षणी केजच्या अलीकडची जीप आठवली.

दोन दिवसांनी तो बंद पडलेली गाडी ओढून आणायला गेला. परत येताना वाटेत ते झाड आलं. ओढणाऱ्या ट्रॅक्टरवरून त्यानं उडी मारली. त्या बाईचा गळा धरायचा, असं ठरवूनच आला होता. बाईनं गाडी ओळखली. तिनं आधी लोटा भरून आणला आणि मग हातानं विचारलं, ती म्हातारी कुठं आहे? तिच्या डोळ्यांत कसलीच चोरी नव्हती. मागं पिंपापाशी पस्तिशीतला एक माणूस कॅन ओतत होता. त्यानं ओढत आणलेली क्रूझर बघितली, कचरूकडं बघितलं आणि मान खाली घालून पुन्हा ओतायला लागला.

ही मान खाली घालण्याची रीत कचरूला पाठ होती. म्हणजे म्हातारीला ठाऊक नाही. लेकाला ठाऊक आहे. कचरूच्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली. तो लोट्यातलं पाणी न पिता परत ट्रॅक्टरवर चढला.

नेकनूरला बातमी आधीच पोचली होती. भेटायला येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा त्या नेपाळी बाईचा उद्धार करायचा. "परक्या मुलखात रस्त्यावरचं घ्याचंच न्हाई, लई चोर लोक." कचरू मान डोलवायचा. ते सगळं खरंही होतं. खाटेवरून मुक्तामाय अडखळत म्हणायची, "ती बाई... चोर न्हवती." लोकांना वाटायचं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला.

मधल्या काळात कचरू दोनदा लिंबागणेशला गेला. दोन्ही वेळा गणपतीच्या देवळापर्यंत गेला आणि अंगदचं घर न विचारता परत आला.

दिवाळीनंतर यशोधरा मॅडम एका दुपारी घरी आल्या. फेब्रुवारीत पुन्हा जायचं ठरत होतं, या वेळी रेल्वेनं, व्हीलचेअरची सोय करून. "मुक्तामावशी, या खेपेला तुम्हांला नेल्याशिवाय राहत नाही मी." मुक्तामायचा अर्धा चेहरा उजळला. दुसऱ्या अर्ध्याला जमत नव्हतं. तिनं उजव्या हातानं ट्रंकेकडं खूण केली. वनितानं पांढरं पातळ काढून दाखवलं. लाळेचे, धुळीचे डाग तिनं घासून काढले होते. मॅडम गेल्या, वनिता चहाची भांडी घेऊन आत गेली.

कचरू रोजच्यासारखा मायच्या डाव्या हाताला तेल लावत बसला. मायनं डोळे त्याच्यावर रोखले.

"कचरू, ती बाई... चोर न्हवती. तिचा लेक भरून देत आसंल."

"व्हय माय. म्या पाह्यलं त्याला."

मग ती म्हणाली, "आपल्या बाटलीत काय आसायचं रे?"

खोटं बोलणं एका शब्दाचं काम होतं. कचरूनं तो शब्द जिभेवर आणलाही. पण हातात मायचा मेलेला हात होता.

"रॉकेल," तो म्हणाला. "रॉकेल आसायचं, माय."

"लिंबागणेशचा तो... डोकं भादरलेला. मी शपथ घेतली तवा तुला ठावं व्हतं?"

"व्हतं."

मुक्तामायनं उजव्या हातानं आपला डावा हात त्याच्या हातातून ओढून घेतला. तेवढ्या कामाला तिला दम लागला. तेलकट हात उराशी धरून ती भिंतीकडं तोंड करून पडली. कचरू तिथंच बसून राहिला. लहानपणी मार खाल्ल्यावर बसायचा तसाच, फक्त या वेळी मारलं कुणीच नव्हतं. दिवेलागणीला ती एवढंच म्हणाली, "मॅडमला सांग. मी न्हाई येत."

"कावून, माय?"

मॅडमनी दोनदा येऊन समजावलं, वनितानं पाया पडून विनवलं. सगळ्यांना वाटलं, प्रवासाची धास्ती घेतली. कचरूनं कुणालाच खरं सांगितलं नाही. पांढरं पातळ परत ट्रंकेत गेलं.

फेब्रुवारीत मंडळी लुंबिनीला गेली. इकडं माघ पौर्णिमेला कचरूनं मायला उचलून विहारात नेलं. तिला भिंतीशी टेकवून बसवलं आणि आपण शेजारी बसला. पंचशील सुरू झालं. मुक्तामायचा आवाज तुटका होता, तरी सगळ्यांत ठळक. साठ-पासष्ट वर्षं रोज म्हटलेले शब्द, वारं गेलेल्या जिभेवरूनही बरोबर उतरत होते. पहिलं शील झालं. दुसरं झालं. तिसरं झालं.

चौथं आलं. मुसावादा वेरमणि. मी खोटं बोलणार नाही.

अख्खा विहार म्हणत होता. कचरूच्या उजव्या कानाला, जिथं त्याची माय बसली होती तिथून, काहीच ऐकू आलं नाही. त्यानं मान वळवली नाही. त्याचेही ओठ हलले नाहीत. बाकीच्यांची ओळ संपली आणि पाचवं शील सुरू झालं तेव्हा तिचा आवाज परत आला.